व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : रूढ गैरसमज
ट्रान्झिस्टर रुळण्यापूर्वी महाराष्ट्रातील जत्रा-सभांचे कर्णे आणि विजेच्या गिटारी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरवर वाजत. काचेत तांबूस उजेड दिसला की व्हॉल्व्ह ठीक, हा सर्वांत पक्का गैरसमज. तो उजेड फक्त तापलेल्या तंतूचा. आतून क्षीण झालेला व्हॉल्व्हही तसाच उजळतो. काचेवरची निळसर झाक बहुधा निरुपद्रवी असते. १०० वॉटचा आवाज ५० वॉटच्या दुप्पट नसतो; फरक जेमतेम ३ डेसिबल. सगळे भाग मूळचेच राखण्याचा आग्रह तर घातक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात, ते बदलावेच लागतात. शिवाय प्लग काढल्यावरही त्यांत शेकडो व्होल्ट उरू शकतात. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.