एकवीस छापांची पट्टी

बोदलकसा येथील जलाशयाच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे पाणी, झाडी व डोंगर यांचा सारा देखावा एका छायाचित्रांत मावत नाहीं. उभी जागा न सोडतां कॅमेरा थोडथोडा फिरवावा, प्रत्येक चित्रांत मागच्या चित्राची कड पुन्हां येऊं द्यावी, आणि मग तीं चित्रें जोडावीं, हाच उपाय. हल्लीं मोबाइल फोन हें काम आपोआप करतो. परंतु जोडचित्राची ही युक्ति केवळ देखाव्यांसाठीं वापरली गेली असें नाहीं. तिचा एक मोठा उपयोग तंजावर येथें झाला.

तंजावरशीं मराठी माणसाचें नातें जुनें आहे. १७ व्या शतकांत व्यंकोजीराजांनीं तेथें भोसल्यांची गादी स्थापिली. १८५५ सालीं शेवटचे शिवाजीराजे वारले. पुरुष वारस नाहीं म्हणून इंग्रजांनीं राज्य खालसा केलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८५८ मध्यें, मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनीअस ट्राइप तेथील बृहदीश्वराच्या मंदिरांत आला.

हें मंदिर चोल सम्राट राजराज यानें सुमारें १०१० सालीं पुरें केलें. विमानाच्या जोत्यावर तमिळ लेख कोरलेले असून त्यांत देवास मिळालेल्या दानांची नोंद आहे. दूर जावें तर अक्षर वाचवत नाहीं. जवळ यावें तर थोडाच भाग दिसतो. जलाशयाकांठीं कॅमेरा एका जागीं फिरवून भागतें. येथें तो भिंतीसमोरून पुढें पुढें सरकवावा लागला. ट्राइपनें अशीं एकामागून एक चित्रें घेतलीं आणि त्यांचे २१ छाप जोडून सुमारें १९ फूट लांबीची एकच पट्टी तयार केली.

देखाव्याच्या चित्रांत सांध्यापाशीं एखादें झाड हरवलें तर फारसें बिघडत नाहीं. लेखांत मात्र एक अक्षर गेलें कीं दात्याचें नांव बदलतें, दानाचा आंकडा बदलतो. म्हणून येथें सांध्याला सौंदर्यापेक्षां खरेपणा अधिक हवा.

त्याच मंदिरांत सरफोजीराजांच्या काळीं, १८०३ सालीं, भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरला गेला. चोलांचें राज्य गेलें, भोसल्यांचेंही गेलें. दोघांचे लेख राहिले. पण दगडालाही ऊनपाऊस लागतोच. उद्यां जोत्यावरचें एखादें अक्षर झिजलें, तर १८५८ सालीं तें कसें होतें, हें ती पट्टी सांगूं शकेल.