एरियान ५ चा अपघात आणि अपवादस्थितीची न झालेली चाचणी

आज्ञावलीच्या कामात दोन प्रकारे खंड पडतो. बाहेरून आलेल्या संकेताने काम थांबते, तो 'इंटरप्ट'. आणि आज्ञावलीच्याच एखाद्या क्रियेत अडचण उद्भवते, ती 'एक्सेप्शन' म्हणजे अपवादस्थिती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने विकसित होऊन १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या एडा या भाषेत अपवाद हाताळण्याची सोय मूळ रचनेतच आहे. असे असूनही ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेला एरियान ५ प्रक्षेपक सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, तो एडामध्ये लिहिलेल्या आज्ञावलीतील अपवादामुळे. हा दोष भाषेचा मानावा काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रक्षेपकाची दिशा व गती मोजणारी यंत्रणा एरियान ४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग आरंभापासूनच अधिक होता. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. अशा धोक्याच्या ७ चलांपैकी ४ चलांना संरक्षण दिले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून उरलेली ३ तशीच सोडली होती. वास्तविक ही गणना उड्डाणानंतर निरुपयोगीच होती! राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने ती ७२ मिलिसेकंद आधीच बंद पडली होती.

भाषेने आपले काम चोख केले, असे म्हणावे लागते. चूक ओळखली गेली, अपवाद उभा राहिला. परंतु अपवाद आढळताच प्रोसेसर बंद करावा, असे विनिर्देशातच ठरले होते. अपवाद म्हणजे क्वचित होणारा यंत्रबिघाड, हे त्यामागील गृहीतक. ते तपासण्याची संधी चाचणीत होती. मात्र एकत्रित चाचणीत मूळ यंत्रणेऐवजी तिची संगणकीय प्रतिकृती वापरली गेली, आणि स्वतंत्र चाचणीत एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी यंत्रणेला दिलीच गेली नाही. बंद पडलेल्या यंत्रणेने पाठवलेली बिघाडाची माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून घेतली आणि प्रक्षेपक वळवला.

या अपघातात क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. त्यांच्या जागी नवे उपग्रह २००० मध्ये बैकोनूरहून सोयूझने सोडण्यात आले. जाक-लुई लिऑन्स यांच्या चौकशी मंडळाने जुलै १९९६ च्या अहवालात भाषा बदलण्यास सुचवले नाही. कोणत्याही संवेदक यंत्रणेने शक्य तितकी चांगली माहिती पाठवणे थांबवू नये, अशी शिफारस केली.