अरेखित स्नायूची ओळख : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

कुरुंदवाडसारख्या गावातील मराठी माध्यमाच्या शाळेतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अपट्टकी’ आणि ‘अनैच्छिक’ हे शब्द परिचित असतात. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या भित्तिकेचा छेद पाहताना अरेखित स्नायू व तंतुमय संयोजी ऊती यांत त्याची गल्लत होऊ शकते. पहिला शब्द काय नाही एवढेच सांगतो, तर दुसरा कार्य सांगतो. प्रत्यक्ष ओळखीसाठी दोन्ही अपुरे आहेत. या शब्दांमागील इतिहास म्हणूनच अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

संकल्पनेचा विकास

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०१ मध्ये सूक्ष्मदर्शकाचा आधार न घेता स्नायूंची विभागणी कार्यानुसार केली. त्यामुळे हृदय हे आतड्याच्या स्नायूंच्या गटात गेले. वस्तुतः हृदयस्नायू अनैच्छिक असूनही रेखित असतो. १८४० मध्ये विल्यम बोमन याने ऐच्छिक स्नायूच्या आडव्या रेषांचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर त्याच दशकाच्या उत्तरार्धात कोलिकर या स्विस शास्त्रज्ञाने अरेखित स्नायूचे घटक सुटे करून दाखविले. ते अखंड पट्टे नसून एकेक केंद्रक असलेल्या, चातीप्रमाणे दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी आहेत, हे त्यातून सिद्ध झाले. अभावाऐवजी भावरूप लक्षण प्रथमच हाती आले.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या प्रचलित रंजनात स्नायू व कोलॅजन दोन्ही गुलाबी दिसतात. १८८९ मधील व्हॅन गीसन रंजनाने कोलॅजन लाल व स्नायू पिवळा दिसू लागला. १९८६ मध्ये अरेखित स्नायूतील विशिष्ट अ‍ॅक्टिन ओळखणारे प्रतिपिंड उपलब्ध झाले. मात्र जखम भरून येताना दिसणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींतही ते अ‍ॅक्टिन आढळते. म्हणजे रंग वा प्रतिपिंड हे एकटेच निर्णायक नव्हेत.

निष्कर्ष

उभ्या छेदात पेशीच्या मध्यभागी लांबट, बोथट टोकांचे केंद्रक दिसते. आडव्या छेदात लहानमोठी वर्तुळे दिसतात आणि पेशीच्या मध्यातून छेद गेलेल्या वर्तुळांतच केंद्रक आढळते. संयोजी ऊतीत मात्र बारीक केंद्रके कोलॅजन तंतूंच्या मधोमध विखुरलेली असतात. विद्यार्थ्याने प्रथम ही लक्षणे रेखाटावीत व नंतरच नाव लिहावे. ‘रेषा नाहीत, म्हणून अरेखित’ हे उत्तर अपूर्ण आहे, कारण रेषा संयोजी ऊतीतही नसतात.