जुने मोटरहोम : प्रवासापूर्वीची तपासणी

मोटरहोम म्हणजे शय्या, स्वयंपाकघर व स्वच्छतागृह असलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे फिरते घर. अमेरिकेत त्याचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग मानले जातात. चालकाच्या डोक्यावर शय्या असलेला सी वर्ग कुटुंबांत विशेष रूढ आहे.

जुन्या मोटरहोमची अवस्था धावलेल्या मैलांवरून कळत नाही. बराच काळ ते उभेच असते आणि उभ्या वाहनाचेही रबर जीर्ण होते. टायरवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी हा क्रमांक पाहावा.

छताच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी भिंतीतील लाकूड कुजवते; आत डाग दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते. प्रोपेनवरील फ्रिज वाहन समतल उभे असतानाच नीट चालतो. गॅसगळती व कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्रांचेही आयुष्य मर्यादित असते. त्यांवरील तारीख तपासणे अत्यावश्यक, कारण धोका निद्रिस्त प्रवाशांना असतो.

काही खासगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांहून जुनी वाहने स्वीकारत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत मात्र आकार निर्णायक ठरतो : ग्लेशियर उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगराळ टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहनांना मनाई आहे.

सांडपाणी केवळ डम्प स्टेशनवरच सोडावे. पहिला मुक्काम घराजवळ केल्यास उरलेले दोष दुरुस्तीच्या आवाक्यात असतानाच उघड होतात.