काचेवरचे उद्गारचिन्ह

पॅसाडीना येथील कार्नेगी वेधशाळांच्या संग्रहात एच३३५एच क्रमांकाची एक काच आहे, 4 बाय 5 इंचांची. माउंट विल्सनवरच्या 100 इंची हूकर दुर्बिणीला ती लावून एडविन हबल यांनी 5-6 ऑक्टोबर 1923 च्या रात्री 45 मिनिटे देवयानीचा तेजोमेघ टिपला. निगेटिव्ह असल्याने तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि तेजोमेघ काजळीच्या डागासारखा. काचेवर शाईने तीन ठिकाणी ‘एन’ लिहिले आहे, म्हणजे नोव्हा, नवतारा. त्यांपैकी एक ‘एन’ खोडून शेजारी ‘व्हीएआर’ आणि पुढे उद्गारचिन्ह: तेज कमीजास्त होणारा, रूपविकारी तारा.

हे खोडले केव्हा? काचेची तारीख फोटोची आहे, खोडाखोडीची नाही. त्याच रात्री शोध लागला असे पुष्कळदा छापले जाते. ते टिकत नाही. एका फोटोवरून तारा रूपविकारी ठरत नाही. जुन्या काचा काढून तोच ठिपका कधी ठळक, कधी पुसट दिसतो, हे पाहावे लागते.

निरीक्षणवहीत या काचेपुढे टिपण आहे. दोन नवतारे आणि एक रूपविकारी. तो सेफीड (ठरावीक काळाने तेज पालटणारा तारा) असल्याचे नंतर ठरले, देवयानीतला पहिलाच. ऑक्टोबरच्या नोंदीशेजारी असले, तरी हे टिपण ऑक्टोबरचे असू शकत नाही. ‘नंतर’ हा शब्दच तसे सांगतो.

पक्की तारीख मिळते ती पत्रात. 19 फेब्रुवारी 1924 रोजी हबल यांनी हार्वर्डला हार्लो शॅप्ली यांना कळवले, की पाच महिन्यांत नऊ नवतारे आणि दोन रूपविकारी हाती लागले, त्यांत एक सेफीड. सोबत तेजाचा आलेख होता. आवर्तकाल सुमारे 31 दिवस. आवर्तकाल जितका मोठा तितके ताऱ्याचे खरे तेज जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी लहान मॅगेलन मेघातल्या 25 ताऱ्यांवरून 1912 मध्ये दाखवले होते. खरे तेज दिसणाऱ्या तेजाशी ताडले की अंतर निघते. उत्तर आले 3 लाख पार्सेकहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे 10 लाख प्रकाशवर्षे. शॅप्लींनी आखलेल्या 3 लाख प्रकाशवर्षे रुंद आकाशगंगेच्या पार बाहेर. आणि हिशेबाची मोजपट्टीही शॅप्लींचीच! (आकडा पुढे चुकीचा ठरला. सेफीड दोन जातींचे असतात, हे वॉल्टर बाडे यांनी दाखवल्यावर अंतर वाढले. आज ते सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे मानतात.)

तेव्हा खोडाखोड या 136 दिवसांतली, एवढे नक्की म्हणता येते. पुढचा माझा तर्क: काचेवर ‘सेफीड’ लिहिलेले नाही, नुसते ‘रूपविकारी’ आहे. आवर्तकाल हाती असता, तर हबल तेवढ्यावर थांबले असते असे वाटत नाही. उद्गारचिन्ह आलेखाच्या आधीचे असावे, अंतराचा हिशेब मांडण्यापूर्वीचे.