हजार वर्षांचं भाडेपत्र आणि पानगळीतली फेरी

३० डिसेंबर १८८२ रोजी बॉस्टन शहर आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्यात एक करार झाला. मुदत एक हजार वर्षं, भाडं वर्षाला एक डॉलर. ऑक्टोबर लागला की अर्नल्ड अर्बोरेटमच्या फाटकातून जी माणसं तिकीट न काढता आत येतात, वाटाड्याच्या मागून तासदीड तास हिंडतात, माना वर करून मेपल आणि ओक बघतात, ती सगळी या कराराच्या जोरावर आत येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना तो माहीत नसतो, आणि माहीत असण्याची गरजही नाही. पण झाडं बघत शिकण्याचा हक्क सामान्य माणसाला कसा मिळाला, हे समजून घ्यायचं तर या भाडेपत्रापासून सुरुवात करावी लागते.

अर्बोरेटम म्हणजे झाडाझुडपांचा जिवंत संग्रह. बागेत झाड शोभेसाठी लावतात. इथे ते नोंद करून लावतात. कुठून आलं, कधी आलं, कुणी बी गोळा केलं, हे सगळं वहीत असतं आणि त्या वहीतला क्रमांक झाडावरच्या धातूच्या पट्टीवर. बॉस्टनच्या जमैका प्लेन आणि रॉसलिंडेल भागांत पसरलेली ही २८१ एकरांची जागा अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सार्वजनिक अर्बोरेटम मानली जाते.

तिची सुरुवात देवमाशांच्या तेलातून झाली. जेम्स अर्नल्ड हा न्यू बेडफर्डचा व्यापारी, देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यात गबर झालेला. १८६८ साली तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने मालमत्तेचा एक हिस्सा शेती, बागकाम किंवा तत्सम लोकोपयोगी कामासाठी ठेवला होता. वाक्यरचना इतकी सैल होती की त्यातून काहीही निघालं असतं. अर्बोरेटम निघालं ते विश्वस्तांपैकी जॉर्ज इमर्सन यांच्यामुळे. इमर्सन पेशाने शाळामास्तर. बॉस्टनच्या इंग्लिश क्लासिकल स्कूलचे पहिले मुख्याध्यापक, पुढे कित्येक वर्षं मुलींची शाळा चालवलेले, आणि मॅसॅच्युसेट्सच्या झाडाझुडपांवर १८४६ साली मोठा ग्रंथ लिहिलेले. २९ मार्च १८७२ रोजी विश्वस्तांनी हार्वर्डशी करार केला: या हवामानात उघड्यावर जगू शकेल असं प्रत्येक झाड आणि झुडूप, देशी असो वा परदेशी, जमेल तितकं इथे वाढवायचं. जागा हार्वर्डकडे आधीपासून होती. बेंजामिन बसी या दुसऱ्या व्यापाऱ्याने शेतीशिक्षणासाठी देऊन ठेवलेली.

१८७३ साली संचालक म्हणून चार्ल्स स्प्राग सार्जंट यांची नेमणूक झाली. वय ३२, वनस्पतीशास्त्राची पदवी नाही. पुढे ते १९२७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत त्या पदावर राहिले आणि उत्तर अमेरिकेच्या वृक्षांवर १४ खंडांचा ग्रंथ लिहून गेले. पण सुरुवातीला त्यांच्या पदरात पडली होती ती गुरं चारून रया गेलेली शेतजमीन आणि वर्षाला ३००० डॉलरहून कमी उत्पन्न. एवढ्या पैशात रस्तेसुद्धा झाले नसते.

सार्जंट यांनी मग फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना गाठलं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे हेच ओल्मस्टेड. त्या काळात ते बॉस्टनमध्ये एकमेकांना जोडलेल्या उद्यानांची साखळी आखत होते. अर्बोरेटम त्या साखळीत ओवायचं, असं ठरलं. शहराने जमीन आपल्या नावावर घ्यायची आणि हार्वर्डला भाड्याने परत द्यायची. रस्ते बांधायचे, राखायचे आणि पोलीस पुरवायचे ते शहराने. झाडं लावायची, जोपासायची आणि त्यांचा अभ्यास करायचा तो विद्यापीठाने. आणि फाटकं लोकांसाठी उघडी ठेवायची. दोन्हीकडच्या लोकांना पटवायला बरीच वर्षं गेली. शहरातल्या वजनदार माणसांच्या सह्यांचा अर्जही करावा लागला. म्हणजे लोकांना आत घेणं हे विद्यापीठाचं औदार्य नव्हतं. विद्यापीठाला रस्ते हवे होते आणि लोकांचा प्रवेश ही त्या रस्त्यांची किंमत होती. धर्मादाय गोष्ट देणाऱ्याच्या मनात आलं की बंद होते. करारातली अट अशी सहजासहजी निघत नाही.

रस्ते झाले आणि १८८६ पासून त्यांच्या कडेने कुळांप्रमाणे लागवड सुरू झाली. क्रम बेंथम आणि हूकर यांचा. आपल्याकडे बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलेल्यांनी हे जोडनाव परीक्षेसाठी घोकलेलं असतं; थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये लिहिला, तोही याच वर्गीकरणावर उभा आहे. अर्बोरेटममध्ये हे वर्गीकरण पायाखाली येतं. मुख्य फाटकाशी चाफ्याच्या कुळातले मॅग्नोलिया, आणि पार टोकाला पाइन, स्प्रूस अशी सूचिपर्णी मंडळी. बग्गीत बसून रस्त्याने एक फेरी मारली तरी मुख्य मुख्य कुळं नजरेखालून जावीत, असा बेत होता. चालता चालता पुस्तकाची पानं उलटावीत तसा.

पण नुसतं फाटक उघडं ठेवून शिक्षण होत नाही. ते काम जॉन जॉर्ज जॅक यांनी केलं. क्वेबेकमधल्या शेतकरी घरातला हा माणूस १८८६ साली इथे शिकाऊ म्हणून आला. १८९०च्या दशकात त्यांनी लोकांसाठी बाहेर झाडांपाशी उभं राहून वर्ग घ्यायला सुरुवात केली, वसंतात आणि पानगळीत. या वर्गांना शाळांमधल्या शिक्षिका मोठ्या संख्येने येत. हार्वर्डची पदवी त्या काळी फक्त पुरुषांना मिळत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या फेऱ्यांचं मोल कळतं. वर्गखोलीचं दार ज्यांना बंद होतं, त्यांना फाटक उघडं होतं. आणि एक शिक्षिका शिकली की तिच्यामागे वर्गभर मुलं शिकत.

याच वाटेने आलेल्या दोन स्त्रियांची नावं इतिहासात आहेत. एडिथ व्हॉर्टन यांची भाची बिएट्रिक्स जोन्स १८९०च्या दशकात सार्जंट यांच्या हाताखाली शिकली; १८९९ साली अमेरिकेत उद्यानरचनाकारांची संस्था निघाली तेव्हा ११ संस्थापकांमध्ये ती एकटी स्त्री होती. पुढे बिएट्रिक्स फॅरँड या नावाने ती गाजली. दुसरी सुझन डिलानो मॅकेल्वी. संसार मोडल्यावर ती न्यूयॉर्क सोडून बॉस्टनला आली आणि तिने सार्जंट यांच्याकडे काम मागितलं. मिळालं ते मातीच्या कुंड्या धुण्याचं. तिने कुंड्या धुतल्या. १९२८ साली तिचा लायलॅकवरचा ग्रंथ निघाला आणि त्या विषयात तो प्रमाण ठरला. दोघीही खात्यापित्या घरच्या होत्या, हे खरं. जॅक यांच्या वर्गातल्या शिक्षिकांची नावं मात्र इतिहासाने अशी जपली नाहीत.

पानगळीचाच हंगाम शिकवायला का सोयीचा? सह्याद्रीत लाल पान म्हणजे बहुधा कोवळं पान. मार्चमध्ये कुसुंब पेटल्यासारखा दिसतो तो नव्या पालवीने. बॉस्टनमध्ये लाल पान निरोपाचं. थंडी जवळ आली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून पानातला नत्र फांद्यांमध्ये परत ओढून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा हटला की तो दिसू लागतो. लाल रंग मात्र पान गळण्याआधी नव्याने तयार करतं. एवढा खर्च ते का करतं, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पडदा तयार होतो आणि पान सुटतं. हे सगळं उघड्या डोळ्यांनी, दर आठवड्याला बदलताना बघता येतं.

शिवाय इथल्या प्रत्येक झाडामागे गोष्ट आहे. कात्सुराची पिवळी पानं गळू लागली की हवेत साखर करपल्यासारखा गोडसर वास येतो. इथला जुना कात्सुरा विल्यम स्मिथ क्लार्क यांनी जपानमधल्या सापोरोहून मिळवून दिलेल्या बियांतून १८७८ साली आलेला. डॉन रेडवुडची कथा आणखी वेगळी. १९४१ साली शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून या प्रजातीचं वर्णन केलं, आणि काही वर्षांतच तिची जिवंत झाडं मध्य चीनमध्ये सापडली. अर्बोरेटमचे माजी संचालक एल्मर मेरिल यांनी बी गोळा करायला २५० डॉलर पाठवले; १९४८च्या जानेवारीत बी पोचलं आणि इथून ते जगभरच्या बागांना वाटलं गेलं. सूचिपर्णी असूनही हे झाड पानगळीत तांबूस होतं आणि निष्पर्ण होतं. सूचिपर्णी म्हणजे सदाहरित, ही शाळेतली व्याख्या त्याच्या खाली उभं राहून दुरुस्त होते.

अर्बोरेटम नेमकं कुणाचं, हा प्रश्न मात्र १८८२ च्या कराराने कायमचा मिटला नाही. १९४५ साली हार्वर्डमध्ये एक योजना पुढे आली: वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आणि ग्रंथालय यांचा मोठा भाग केंब्रिजला हलवायचा. १९५४ साली तो हललाही. अर्बोरेटमच्या चाहत्यांचं म्हणणं असं की झाड आणि त्याचा अभ्यास यांची फारकत हा अर्नल्डच्या विश्वस्तनिधीचा भंग आहे. विद्यापीठाचं म्हणणं, संग्रह एकत्र आले तर संशोधन जास्त चांगलं होईल. खटला मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६६ साली हार्वर्डच्या बाजूने निकाल लागला. कायद्याने विद्यापीठ जिंकलं. पण हा वाद वीस वर्षं चालला, त्याअर्थी झाडांकडे केवळ हिरवळ म्हणून न बघणारी माणसं या शहरात तयार झाली होती.

चाहत्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे पुढे विज्ञानानेच दाखवलं. २००४ साली बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बोरेटममधली २२९ झाडं घेतली. त्याच झाडांच्या पूर्वी फुलांसकट वाळवून ठेवलेल्या फांद्यांवरच्या तारखा घेतल्या आणि दोन्ही ताडून पाहिलं. १९००–१९२० च्या तुलनेत १९८०–२००२ या काळात फुलं सरासरी आठ दिवस लवकर येत होती. वाढत्या उष्म्याची ही नोंद एकट्या झाडाने किंवा एकट्या वाळक्या फांदीने दिली नसती.

फुलांच्या तारखा फांद्यांवर राहिल्या. पानगळीच्या तारखा अशा सहसा राहत नाहीत, कारण गळायला आलेलं पान कोण वाळवून ठेवणार? २०१५ साली सुरू झालेल्या ‘ट्री स्पॉटर्स’ उपक्रमात हे काम सामान्य माणसांनी हाती घेतलं. स्वयंसेवक ठरलेल्या झाडांपाशी पुन्हा पुन्हा जात आणि कळी कधी फुटली, रंग कधी चढला, पान कधी गळलं हे लिहून ठेवत. जॅक यांच्या वर्गात लोक ऐकायला येत होते. आता ते वहीत भरही घालू लागले. एका शाळामास्तराने सैल मृत्युपत्रातून ओढून काढलेल्या बागेला हे साजेसं आहे.