मोर, साप आणि देवगिरी
शाब्दिक गणित दिसलं की मी पान उलटायचो. मग भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ.स. ११५०) हे गणित भेटलं.

९ हात उंच खांबावर मोर, तळाशी बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघाला. मोर तिरका झेपावला. वेग सारखाच. गाठ बिळापासून किती हातांवर?

सापाची धाव आणि उरलेलं अंतर, बेरीज २७. त्यांची वजाबाकी? खांबाचा वर्ग ८१, भागिले २७, म्हणजे ३. आता २७ वजा ३, २४, निम्मे १२. ताळा: साप १५ हात आला, मोर ८१ अधिक १४४, वर्गमूळ १५. जुळलं!

नातू चांगदेव आपल्या देवगिरीच्या यादवांचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथला शिलालेखच सांगतो. नुसतं पुस्तक पुरत नाही, शिकवणारं कुणीतरी लागतं.